शेवटच्या खणातली अंडी

८ फेब्रुवारी

धाकटे,

पत्र आलं म्हणून दचकू नकोस. मी ठीक आहे. मांडीचं हाड जुळलं आहे. डॉक्टर माझ्यावर खूश आहेत, मी त्यांच्यावर तितकीशी नाही.

फोन मुद्दामच करत नाही. फोनवर तू नुसतं "हो" म्हणतेस. जेवलीस का, हो. मागची कडी लावतेस ना, हो. सगळी अंडी रोज काढतेस ना, हो. मी सगळी नोकरी दुकानदारांचे तराजू तपासण्यात घालवली. वजन कोणतंही टाका, काटा एकाच जागी थांबतो असा तराजू दिसला की मी तो जप्त करायची. तेव्हा यापुढे जे सांगायचं ते लिहून सांग. कागदावर तू जरा बरी बोलतेस.

आता कामाचं. मुलाने सगळं ठरवलं आहे आणि मी मान डोलावली आहे. आपल्या दोघींचे नवरे गेले, घरात आपण दोघीच. माझा पाय हा असा. दारच्या पायऱ्या, मागचं अंगण, न्हाणीघराची ओल हे मला आता झेपायचं नाही असं त्याचं म्हणणं, आणि ते चुकीचं नाही. मी इथे त्याच्याकडे राहायचं, तू तुझ्या भावाकडे जायचं, आणि घर कापडवाल्याला गोदामासाठी द्यायचं. एक मार्चला ट्रक येईल. त्याच सकाळी कोंबड्या बेकरीवाल्याच्या बायकोकडे पोचव. त्याने तुला फोनवर विचारलं तेव्हा तू हो म्हणालीस म्हणे. म्हणजे प्रश्न मिटला.

माझी पितळी वजनं मऊ कापडात गुंडाळ. एकमेकांवर आपटू देऊ नकोस. तुझं रफूचं सामान तुझं तूच बांध, त्यातलं मला कळत नाही.

इथे चौथा मजला आहे. सून चांगली आहे, पण माझ्या हातातला चमचासुद्धा काढून घेते. खिडकीतून समोरच्या इमारतीची खिडकी दिसते. तिथे एक बाई बसलेली असते. ती माझ्यावर पाळत ठेवते, मी तिच्यावर.

— थोरली


१२ फेब्रुवारी

ती. जाऊबाई,

नमस्कार. वजनं गुंडाळली. प्रत्येकाला वेगळं फडकं केलं आहे, कडा शिवून. आपटणार नाहीत.

तुम्ही कागदावर खरं सांग म्हणालात, म्हणून सांगते. मी सगळी अंडी काढत नव्हते. रागावू नका. खुराडं तुम्ही तुमच्या उंचीने बांधून घेतलंत. तुम्ही दारातून हात घातलात की तो थेट शेवटच्या खणापर्यंत जातो. माझा हात तिसऱ्या खणात संपतो. चौथ्यासाठी मी झाडूच्या दांड्याला चाळणी बांधली होती. काही दिवस चाललं, मग दोन अंडी फुटली, आणि मी ते सोडून दिलं. तुम्ही फोनवर विचारलंत तेव्हा दवाखान्यात होतात. तिथे माझा हात आखूड आहे हे काय सांगायचं?

चौथा खण मामीचा, तुम्हाला ठाऊक आहे. मान वाकडी करून बघणारी ती करडी कोंबडी. परवापासून ती तिथून हलत नाही. पिसं फुलवून फुगा होऊन बसली आहे. जवळ गेलं की घशातून घरघर करते. खुडूक झाली आहे. ती अंडी फिरवायला जरा उठली तेव्हा आरसा लांब काठीला लावून पाहिलं, खाली सात अंडी आहेत. आणि आठवं ते लाकडी.

तुम्हाला आठवत नसेल. माझं रफूचं लाकडी अंडं तुम्ही खुराड्यात ठेवलं होतंत, कोंबड्यांना अंडी कुठे घालायची ते कळावं म्हणून. तेव्हापासून मी पालथ्या वाटीवर रफू करते. मामी त्यालाही पोटाखाली घेऊन बसली आहे. तिला सगळी सारखीच.

आपल्याकडे कोंबडा नाही, मग पिल्लं कुठून येणार, असं तुम्ही म्हणाल. बेकरीवाल्याचा कोंबडा न्हाणीघराच्या छपरावरून उतरतो. तुम्ही होतात तोवर त्याची हिंमत नव्हती.

बेकरीवाल्याची बायको म्हणाली, बसलेली कोंबडी हलवली तर अंडी थंड पडून वाया जातात, ती एक तारखेला बाकीच्या नेईल, मामीला नको. आणि मामीचे तीन आठवडे एक तारखेच्या पुढे जातात.

अंडी काढू की बसू देऊ?

तुमची,
धाकटी


१५ फेब्रुवारी

धाकटे,

काढ. यात विचारायचं काय आहे?

नीट वाच. अंडी काढून टाक. मामीला आठवडाभर जाळीच्या पिंजऱ्यात ठेव, पिंजरा दोन विटांवर उचल, म्हणजे पोटाला खालून वारा लागेल. पोट गार पडलं की तिचं डोकंही ठिकाणावर येईल. दाणापाणी भरपूर दे. ही शिक्षा नाही, उपचार आहे. मी दोनदा केला आहे आणि दोन्ही वेळा ती आठवड्याने आपणहून शहाणी झाली.

बेकरीवाल्याच्या कोंबड्याचं मला नवल नाही. मालकाचा तराजू मी तीन वेळा पकडला आहे. दर वेळी पारड्याखाली मेण, आणि दर वेळी "बाई, हे कुणी लावलं कळत नाही". कोंबडाही त्याच शाळेतला. त्याची पिल्लं माझ्या खुराड्यात नकोत. माझ्या सगळ्या कोंबड्या मी एकेक पारखून घेतल्या आहेत.

हात पोचत नाही हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतंस. मी दवाखान्यात भूल उतरत असताना खुराड्याचा हिशेब करत होते, तुझं हो धरून.

एक तारखेला ट्रक येणार आणि कोंबड्या जाणार. मागे बसलेली कोंबडी ठेवून घराला कुलूप लागत नाही. आणि घराला कुलूप लागणार आहे.

समोरच्या खिडकीतली बाई दोन दिवस दिसली नाही. आज परत आली. मला उगाचच बरं वाटलं.

— थोरली


१९ फेब्रुवारी

ती. जाऊबाई,

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी अंडी काढायला गेले. तुम्ही सांगितलेलं मी कधी टाळलं नाही, हेही टाळणार नव्हते.

पण हात पोचायला हवा ना. म्हणून आधी खुराड्याची बाजूची फळी काढली. सुतार बोलावला नाही. चार खिळे होते, ते चिमट्याने उपसले. मामीने माझ्या मनगटावर दोन चोची मारल्या. मी जन्मभर सुया टोचून घेतलेली बाई, दोन चोचींना काय भिते? तिला उचलून बाजूला ठेवलं, अंडी ओच्यात घेतली, आणि घरात आणून मोरीत टाकणार एवढ्यात मनात आलं, बघू तरी. खिडकी लावली, विजेरी अंड्याच्या मागे धरली.

जाऊबाई, आत तांबडा दोरा होता. मधे एक गाठ, आणि तिच्यापासून चहूकडे दोरे, एकेरी, केसाहून बारीक. मी आयुष्यभर भोकं बुजवते. फाटलेल्या कापडात उभा-आडवा दोरा भरते आणि माणूस म्हणतो, वा, कुठे होतं भोक? इथे आतून कुणीतरी काही नव्हतं तिथे विणत होतं. सातातल्या पाचांत असं दिसलं. दोन कोरी होती.

मी सगळी परत नेऊन ठेवली. कोरी दोनही, आणि लाकडीही. मामी त्यांवर बसली आणि डोळे मिटले. मी काही केलंच नाही असं तिने दाखवलं.

म्हणजे अंडी काढली नाहीत. हे लिहून कळवते, म्हणजे फोनवरचं हो होणार नाही.

काढलेल्या फळीला बिजागऱ्या लावल्या. आता शेवटचा खण बाहेरून उघडतो आणि माझा हात पोचतो. तुम्हाला विचारलं नाही.

भावाचं पत्र आलं. माझ्यासाठी जिन्याखाली खाट टाकली आहे. लिहितो, आता रफू वगैरे पुरे, डोळे जपा, आराम करा. त्याच्या बायकोला दारात गिऱ्हाइकांची वर्दळ नको असणार, आणि तिचंही खरं आहे, घर तिचं आहे. परवा एक म्हातारे गृहस्थ त्यांच्या लग्नातला कोट घेऊन आले होते. कसरीने खाऊन खांद्यावर चाळण केलेली. काल न्यायला आले, उजेडात फिरवून फिरवून पाहिला, भोक सापडेना. मग म्हणाले, तुमच्यानंतर हे कोण करणार? मी म्हटलं, माझ्यानंतर कशाला, मी आहे ना.

ट्रंक बाहेर काढली होती. ती परत खाटेखाली सरकवली. खोलीत अडचण होत होती.

तुमची,
धाकटी


२२ फेब्रुवारी

धाकटे,

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा जास्त राग आला.

अंड्यात दोरे दिसले म्हणून तू विरघळलीस, दुसरं काही नाही. तू पहिल्यापासून अशीच. लंगडं मांजर आणलंस, ते माझ्या वजनांच्या पेटीत व्यायलं. अंड्यांवरून घरं ठरत नाहीत. भाऊ आराम देतो म्हणतो तर ट्रंक खाटेखाली. काय करणार आहेस? पाच पिल्लं पदरात बांधून जिन्याखाली राहणार?

आणि माझ्या खुराड्याला बिजागऱ्या. ते खुराडं पावसात, वाऱ्यात एक थेंब आत न घेता उभं आहे. तू त्याला भोक पाडलंस. फळी परत ठोक.

तुला दया येत असेल तर ती मामीची कर. उपाशीतापाशी बसते आहे, आणि पिल्लं निघतील त्या दिवशी घर रिकामं असेल.

मुलगा अठ्ठावीसला सकाळी फोन करेल, ट्रकची वेळ सांगायला. जे काही मनात असेल ते त्याला सांग. तू हो म्हणालीस तर मी ते हो धरणार आणि हा विषय संपवणार. पुन्हा पत्रात दोरे आणि गाठी नकोत.

मी बरी आहे. दुपारी सून आणि मी थोडा वेळ घराबाहेर असतो. कुठे ते विचारू नकोस. तिने हल्ली चमचा हातातून घेणं सोडलं आहे.

— थोरली


१ मार्च

धाकटे,

तुझं पत्र आलं नाही. मी रोज खाली टपालाच्या पेटीपर्यंत जाऊन आले. कशी, ते पुढे सांगते.

काल सकाळी त्याने फोन लावला तेव्हा मी शेजारच्याच खुर्चीत होते. त्याने आवाज मोठा करून ठेवला होता. तुला ते माहीत नव्हतं. असतं तर तू तसं बोलली असतीस की नाही, कोण जाणे.

तो म्हणाला, "काकू, ट्रक उद्या नऊला येईल." मी मनातल्या मनात तुझं हो म्हणून टाकलं. सवय. आणि तू म्हणालीस, "नाही."

तो गोंधळला. नाही म्हणजे काय, नऊला नाही का, दहाला पाठवू का, असं काहीबाही विचारत राहिला. तू त्याचं सगळं संपू दिलंस. मग म्हणालीस, "ट्रक नको. मी जाणार नाही. अर्धं घर तुझ्या काकांचं होतं, आता माझं आहे. अर्ध्या घरात गोदाम होत नाही."

तो हसला. मला त्याचं हसणं आवडलं नाही. म्हणाला, एका कोंबडीपायी, काकू?

"कोंबडीचं तीन दिवसांत संपेल रे," तू म्हणालीस. "माझं काम संपलेलं नाही. तेवढंच सांगायचं होतं. नाश्ता केलास का?"

त्याने फोन ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, काकू अशा नव्हत्या. मी त्याला सांगितलं, त्या अशाच आहेत, तुला फक्त त्यांचं हो माहीत होतं. हे मी मानेने नाही, आवाजाने सांगितलं, कारण मला माझ्या जावेचा अभिमान वाटत होता आणि तो लपवावासा वाटला नाही. समोरच्या खिडकीतल्या बाईलाही ऐकू गेलं असेल. जाऊ दे. तिलाही कळू दे, आमच्या घरात कशा बायका आहेत ते.

मी चुकीचं वाचत होते. मला वाटलं तू अंड्यांवरून विरघळलीस. तू तर माझ्या खुराड्याला दार पाडून उभी होतीस.

आता माझं. दुपारी सून आणि मी जिन्यात असतो. मुलाला सांगितलेलं नाही, तो घाबरतो. पहिले काही दिवस नुसतं एक पायरी खाली, एक पायरी वर. सून मागे उभी, हात न लावता. तशी अट होती माझी. आता काठी घेऊन चारही मजले उतरते आणि चढून वर येते. दारच्या पायऱ्या म्हणजे त्यापुढे काही नाही. हे मी तिथे परतण्यासाठी करत होते असं नाही. निदान तसं मी कुणाला म्हटलं नव्हतं.

काल रात्री मुलगा जेवायला बसला. सुनेने त्याला दोनदा वाढलं आणि म्हणाली, आईंना परत जायचं असेल तर त्यांना विचारा, त्यांच्यासाठी ठरवू नका. मग त्याने विचारलं. आधी तो रागावला होता, मग घाबरला होता, शेवटी म्हणाला, पण तिथे तुझ्याकडे बघणार कोण? मी म्हटलं, बघायला आहे एक, पण तिला विचारावं लागेल. आता ती हो म्हणेलच असं राहिलेलं नाही.

म्हणून विचारते. मी येऊ का?

नीट विचार करून सांग. मला काठी लागते आणि लागणार. वाकता येत नाही. खुराडं तुझ्याकडे राहील, चारही खण. बिजागऱ्या राहू देत. बेकरीवाल्याच्या पिल्लांवर मी बोलणार, ते थांबणार नाही, पण बोलण्यापलीकडे काही करणार नाही.

पिल्लं निघतील त्या दिवशी मामीला उठवू नकोस. ती आपणहून उठेल. पाणी उथळ ताटलीत ठेव, खोल भांड्यात पिल्लं बुडतात. बारीक भरड दे.

आणि उत्तर लिहून दे.

— थोरली


५ मार्च

ती. जाऊबाई,

नमस्कार.

तुमचं पत्र मी मागच्या पायरीवर बसून वाचलं. तुम्ही ऐकत होतात हे वाचून कान तापले. पुन्हा वाचलं तेव्हा वाटलं, बरं झालं. नाहीतर तुम्हाला सांगताना त्याने त्यातलं अर्धं "नाही" गाळून टाकलं असतं.

त्याआधीच्या, बावीस तारखेच्या पत्राला उत्तर पाठवलं नाही कारण काय लिहू ते ठरत नव्हतं. त्या पत्रात दम होता, आणि तो दम माझ्या ओळखीचा आहे. घाबरून मी ट्रंक पुन्हा बाहेर काढली. मग फळी परत ठोकायला गेले. हातोडी घेतली, खिळे घेतले. मामी आतून बघत होती. खिळा फळीवर धरला आणि लक्षात आलं, हा ठोकला की माझा हात पुन्हा तिसऱ्या खणात संपणार. मग भावाकडे, मग सगळीकडेच. खिळे डब्यात टाकले. दुसऱ्या दिवशी तुमच्या मुलाचा फोन आला.

परवा संध्याकाळी पहिलं कवच तडकलं. मी खुर्ची घेऊन खुराड्यापाशी बसले, हातात सदऱ्याची कॉलर होती, रफू चालू ठेवलं. तुम्ही म्हणता तसं मामीला उठवलं नाही. काल सकाळी तिच्या पंखाखालून पाच डोकी बाहेर. चार करडी, एक तांबूस. तांबूस आहे ते बापावर गेलं आहे, चालण्यातसुद्धा. तुम्हाला आवडणार नाही, तेव्हा आत्ताच मन तयार करा. कोरी दोन कोरीच निघाली.

बेकरीवाला बघायला आला. कोंबडा माझा होता, दोन पिल्लं माझी, असं म्हणाला. मी म्हटलं, थोरल्या यायच्या आहेत, त्यांच्यासमोर वाटणी करू, त्यांच्याच तराजूवर. तो घाईने गेला. त्याच्या बायकोने नंतर भरड आणून दिली, हसत होती.

आज सकाळी मामी पाचांना घेऊन अंगणात उतरली. मी जन्मात इतका ताठा पाहिला नाही. मान वर, छाती पुढे, बाकीच्या कोंबड्यांना (त्या मी पाठवल्याच नाहीत) बाजूला सारत, जणू अंगणाची पाहणी चालली आहे. मला ती चाल ओळखीची वाटली. कुणाची ते लिहीत नाही.

अर्ध्या वाटेवरून ती परत गेली. खणात लाकडी अंडं राहिलं होतं ना. चोचीने त्याला ढोसून पाहिलं, हे का येत नाही म्हणून. मग मी ते काढून घेतलं. धुतलं, तेल लावून पुसलं. त्यावर चोचींच्या बारीक खुणा उठल्या आहेत, पण कापडाला अडकत नाहीत, मी बोट फिरवून पाहिलं. खणात खडूचा गोळा ठेवला आहे, कोंबड्यांना तेवढं पुरतं. लाकडी अंडं माझं आहे, ते मी परत घेतलं. परवानगी मागत नाही, कळवते. आज त्या म्हाताऱ्या गृहस्थांचा दुसरा कोट त्यावर चढवला. कोपराचं भोक आहे, वाटीवर कधी नीट बसत नव्हतं. दोरा असा सरळ चालला आहे की मीच थांबून थांबून बघते.

वजनं फडक्यांतून सोडवून पेटीत लावली. मोजून घ्याल तेव्हा घ्या. तुमची खुर्ची मागच्या दाराशी ठेवली आहे. तिथून चारही खण दिसतात, वाकावं लागत नाही.

तुम्ही विचारलंत, येऊ का.

हो.

हे फोनवरचं नाही, कागदावरचं आहे. आल्यावर तपासून घ्या.

तुमची,
धाकटी